गायकवाड मॅडम आणि कणगीतली डिस्क

गायकवाड मॅडमनी दुकानात जाऊन "यातलं चांगलं कुठलं?" असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. त्या विचारायच्या, "तुमच्याकडं परत काय काय आलं?"

कुकर असो, घड्याळ असो, नाहीतर पायातली चप्पल. दुकानदार आधी गोंधळायचा, मग हसायचा आणि मग आपल्या मालाचं कौतुक सुरू करायचा. मॅडम सगळं ऐकून घ्यायच्या, "येते" म्हणायच्या आणि तिथून सरळ दुरुस्तीवाल्याकडं जायच्या. वस्तूबद्दलचं खरं काय ते विकणाऱ्याला नाही, दुरुस्त करणाऱ्याला ठाऊक असतं, असं त्यांचं म्हणणं. संगमनेरातले झाडून सगळे घड्याळजी, रेडिओवाले, स्टोव्हवाले त्यांना नावानं ओळखायचे.

आमच्या कॉलेजात त्या फिजिक्स शिकवायच्या. मी तिथं ग्रंथपाल होते. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला मी रुजू झाले तेव्हा त्यांचा स्टाफरूममध्ये चांगलाच दबदबा होता. सहा फुटाला थोडीशी कमी उंची, इस्त्रीची सुती साडी, मागे घट्ट अंबाडा, आणि पर्समध्ये कंगव्याऐवजी स्क्रू-ड्रायव्हर. चालायच्या इतक्या भरभर की त्यांच्याशी बोलायचं तर जवळजवळ पळावं लागे. प्रॅक्टिकलला एखाद्या मुलीचं रीडिंग अगदी पुस्तकातल्यासारखं आलं की त्या खूश होण्याऐवजी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसायच्या आणि म्हणायच्या, "इतकं बरोबर कसं आलं गं? परत घे बरं." मुली त्यांना घाबरायच्या, आणि पास झाल्यावर पेढे द्यायला पहिल्यांदा त्यांच्याकडंच जायच्या.

त्यांची पद्धत मी पहिल्यांदा पाहिली ती पंख्यांच्या वेळी. कॉलेजच्या नव्या इमारतीसाठी पंखे घ्यायचे होते. खरेदी समितीपुढं तीन कंपन्यांची पत्रकं होती. मॅडम म्हणाल्या, "मला एक दुपार द्या." त्या गेल्या बाजारामागच्या मोटार वायंडिंगच्या दुकानात. जळालेले पंखे तिथं जमिनीवर पडलेले असतात, त्यांच्यावरची नावं वाचून आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, "दोन कंपन्यांचे ढिगानं पडलेत. तिसरीचा एकही नाही."

उपप्राचार्य हुशार माणूस. ते म्हणाले, "मॅडम, तिसऱ्या कंपनीचे पंखे गावात कुणी घेतच नसेल. मग जळायला कुठून येणार?"

सगळे हसले. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "मलाही तीच शंका आली, सर. म्हणून येताना बाजारपेठेतल्या प्रत्येक दुकानात शिरून वर बघत आले. तिसऱ्या कंपनीचे भरपूर आहेत. मानेला बाम लावलाय, वास येत असेल तुम्हाला."

तेच पंखे आले. मी कॉलेज सोडेपर्यंत माझ्या वाचनालयातला एकही बंद पडला नव्हता.

मॅडमचे वडील, तात्या, गायक होते. श्रीरामपूरकडच्या एका खेड्यातलं त्यांचं बौद्ध कुटुंब. तात्या दिवसा कारखान्यावर कामाला जायचे आणि जयंतीच्या दिवसांत गायन पार्टी घेऊन जिल्हाभर फिरायचे. छप्पन्न सालच्या दीक्षेनंतर गावोगाव जी गाणी झाली त्यांतली कितीतरी तात्यांनी स्वतः रचलेली होती. मॅडम म्हणायच्या, "आमच्या आईला वाचता येत नव्हतं. तिला जे काय कळलं ते तात्यांच्या गाण्यांतून कळलं. बाबासाहेब काय म्हणाले, शाळेत का जायचं, कुणापुढं का वाकायचं नाही, सगळं."

तात्या वारले तेव्हा घरात त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट होती. ती जपून ठेवायची म्हणून आईनं लोखंडी ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत ठेवली होती. वर्षश्राद्ध वगैरे त्यांच्यात करत नाहीत, पण पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे नातेवाईक जमले आणि कुणीतरी म्हणालं, तात्यांचं गाणं लावा. कॅसेट लावली. नुसता फसफस आवाज आला. ट्रंकेतल्या दमटपणानं फितीवर बुरशी धरली होती. मधेच एका जागी तात्यांचा "हो" ऐकू आला आणि परत फसफस.

हे मला त्यांनी वाचनालयात, परत आलेली पुस्तकं लावता लावता सांगितलं. मला वाटलं, आता त्या रडतील. त्या म्हणाल्या, "वैशाली, आईनं काहीच चूक केली नव्हती. घरातली सगळ्यात सुरक्षित जागा तिनं निवडली होती. फक्त ती जागा लुगड्यासाठी सुरक्षित होती, फितीसाठी नाही."

त्यानंतर त्यांनी टेपरेकॉर्डर घेतला आणि रविवारी गावोगाव जायला सुरुवात केली. आधी तात्यांच्या पार्टीतले उरलेसुरले साथीदार गाठले. मग त्या साथीदारांच्या बायका. त्या बायका म्हणाल्या, गायन पार्टीचं काय घेऊन बसलीस, आम्ही जात्यावर काय गात होतो ते ऐक. असं करत करत मॅडम एका विषयातून दुसऱ्यात शिरल्या आणि एके दिवशी अकोले तालुक्यातल्या डोंगरात पोचल्या. मीही बऱ्याचदा त्यांच्याबरोबर असायची, कारण मला रविवारी दुसरं काही काम नसायचं आणि मॅडमबरोबर जीपमध्ये पुढची जागा मिळायची.

भंडारदऱ्याच्या अलीकडं, रस्त्यापासून आत एक गाव आहे. तिथं आम्हाला धोंडाबाई भेटल्या. सत्तरीच्या, वाळक्या, भाताच्या खाचरात वाकून वाकून कमरेतून कायमच्या झुकलेल्या. गावात कुणाचंही लग्न निघालं की हळदीची गाणी म्हणायला त्यांनाच बोलावणं जायचं. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी ओट्यावरूनच विचारलं, "कुनाची गं तू?"

मॅडमनी एका दमात सांगितलं, "मी शशिकला गायकवाड. बौद्ध आहे. संगमनेरला कॉलेजात शिकवते. तुमची गाणी ऐकायला आले."

धोंडाबाईंनी एकदा वरून खालपर्यंत पाहिलं. "बस," म्हणाल्या. आम्हाला ओट्यावर गोणपाट टाकून दिलं. चहा बाहेर आला. मॅडमचा कप थोडा लांब ठेवला होता. मी पाहिलं, त्यांनीही पाहिलं. त्यांनी हात लांब करून कप उचलला, चहा प्यायल्या आणि टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं.

अडचण अशी झाली की शेजारीच विजेवरची पिठाची गिरणी होती. धोंडाबाई गायला लागल्या की गिरणीची घरघर सुरू व्हायची. दोनदा गाणं थांबवलं. मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुमच्यापेक्षा गिरणीच जास्त ऐकू येतेय."

धोंडाबाईंनी गिरणीकडं पाहिलं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "आत ये. चुलीपाशी बसू. तिथं गिरनी ऐकू येत न्हाई."

त्यांची सून हिराबाई दारातच होती. तिनं सासूकडं पाहिलं. सासू म्हणाली, "आगं सरक की. गानं काय ओट्यावर म्हनायचं आसतं का?"

त्या दिवसापासून रेकॉर्डिंग कायम चुलीपाशी झालं. मॅडमनी यावर कधीही भाष्य केलं नाही. परत येताना जीपमध्ये मीच काहीतरी बोलू पाहिलं, तर म्हणाल्या, "आत घुमत नाही. जमीन सारवलेली आहे ना, आवाज स्वच्छ येतो."

गाणी भरून झाली की मॅडम लगेच तिथल्या तिथं वाजवून दाखवायच्या. पहिल्यांदा आपला आवाज ऐकल्यावर धोंडाबाई म्हणाल्या, "ही कोन म्हातारी?" दुसऱ्यांदा ऐकल्यावर मात्र टेपरेकॉर्डरवर हात ठेवला. मग विचारलं, "मी मेल्यावर बी ह्यात ऱ्हाईल का?"

"राहील."

"आन ही डबी मोडली मंग?"

मॅडमनी कॅसेट बाहेर काढून उलटीपालटी करून पाहिली. त्या म्हणाल्या, "त्याचा विचार करते मी."



मधल्या काळात या गाण्यांची थोडी चर्चा झाली. एक कॅसेट कंपनीवाला गृहस्थ बाहेरून आला. त्याला हळदीच्या गाण्यांची कॅसेट काढायची होती. चांगली छपाई, दुकानादुकानांत माल, सगळं तो सांगत होता. मॅडमनी विचारलं, "वर नाव कुणाचं असेल?"

"पारंपरिक लोकगीतं असं टाकू ना, मॅडम. लोकांना तेच आवडतं."

"गाणाऱ्या बाईला नाव आहे."

"हो, पण ते कोण वाचणार?"

"ती वाचणार नाही, तिला येत नाही. तिची नात वाचेल."

त्यानं बरंच समजावलं. मॅडमनी त्याला चहा पाजला आणि स्टँडपर्यंत सोडून आल्या. त्यांच्या प्रत्येक कॅसेटवर गाणारीचं पूर्ण नाव, तिच्या आईचं नाव आणि गाव लिहिलेलं असायचं. आईचं का, असं मी विचारलं होतं. म्हणाल्या, "गाणं नवऱ्याकडून आलंय का? ते आईकडून आलंय."

मग एके दिवशी नको ते झालं. धोंडाबाईंच्या हळदीच्या गाण्यांची मूळ कॅसेट ऐकताना टेपरेकॉर्डरनं फीत गिळली. मॅडमनी स्क्रू-ड्रायव्हरनं सगळं उघडून, बोटांनी सोडवून फीत बाहेर काढली. बहुतेक वाचली, पण चुरगळली. अजून एखाद-दोनदाच वाजेल अशी अवस्था. त्याच सुमाराला कॉलेजात आवाज भरून घेता येईल असे कॉम्प्युटर आले होते. मॅडमनी स्वतःच्या पगारातून तसाच एक जोडून घेतला आणि एकेक कॅसेट त्यात उतरवायला लागल्या. चुरगळलेली सगळ्यात आधी. ती त्यात उतरली आणि नंतर कायमची बंद पडली.

आता नवी अडचण उभी राहिली. आवाजाला कॉम्प्युटरमध्ये किती जागा लागते याचा मला अंदाजच नव्हता. फ्लॉपीत एक ओवीसुद्धा धड मावेना. कॉम्प्युटरचं पोट पंधरा दिवसांत भरलं. जुनं पुसल्याशिवाय नवं आत घेता येईना. म्हणजे बाहेर काढून ठेवता येईल असं, मोठं आणि भरवशाचं काहीतरी घ्यायला हवं होतं.

नगरला एका मोठ्या दुकानात आम्ही गेलो. दुकानदारानं आम्हाला एसीत बसवलं आणि एक देखणी काळी पेटी दाखवली. आत हार्ड डिस्क, मागं केबल, केबल कॉम्प्युटरला लावली की झालं. "एकदम भरवशाची, मॅडम. आयुष्यभर बघायला नको."

"यातल्या परत किती आल्या?"

तो हसला. "मॅडम, हा मालच नवा आहे. परत यायला वेळ तर मिळायला हवा."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि ही पेटी बिघडली तर आतली डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येते?"

"ते उघडायचं नसतं, मॅडम."

तिथून आम्ही इक्बालभाईंकडं गेलो. स्टँडाजवळच्या गल्लीत त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. मागच्या फळीवर मेलेल्या हार्ड डिस्क विटांसारख्या रचलेल्या. मॅडम त्या फळीपुढं उभ्या राहिल्या आणि एकेक डिस्क हातात घेऊन नाव बघायला लागल्या. सगळ्या कंपन्यांच्या होत्या. कुठल्याच एकीचा ढीग नव्हता, आणि कुठलीच गैरहजर नव्हती.

"ही कशानं गेली?"

"पडली, मॅडम. टेबलावरून."

"ही?"

"लाइट गेली, आली, गेली. जळली."

"आणि ही?"

इक्बालभाईंनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली. "हिला काहीच झालं नव्हतं. मालकानं सकाळी चालू केली तर टकटक करत होती. अशा बी असतात."

मॅडमनी ती डिस्क परत फळीवर ठेवली. मग आम्ही बाहेर येऊन रसवंतीत बसलो. त्यांनी रसाचा ग्लास तोंडाला लावलाच नाही. म्हणाल्या, "मी इतके दिवस चुकीचं विचारत होते, वैशाली. भरवशाची डिस्क कुठली, हा प्रश्नच नाही. प्रत्येक डिस्क मरणार. एक कधी मरणार ते कुणाला सांगता येत नाही, पण दोन वेगळ्या डिस्क, दोन वेगळ्या गावांत, एकाच दिवशी मरणार नाहीत. भरवसा डिस्कचा नाही, मांडणीचा धरायचा."

त्या परत त्या एसीच्या दुकानात गेल्या आणि साध्या, उघड्या दोन हार्ड डिस्क मागितल्या. दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या. दुकानदार म्हणाला, "एकाच कंपनीच्या घ्या ना, जोडी बरी दिसते."

"एकाच घाण्यातली दोन भजी असली, आणि एक कच्चं निघालं तर दुसऱ्याचं काय होईल, दादा?"

या वेळी तो खरंच हसला. कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचा एक खणही त्यानं दिला. डिस्क त्यात सरकवायची, किल्ली फिरवायची, काम झालं की काढून घ्यायची. कॉम्प्युटर बिघडला तर तीच डिस्क दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरला लागेल. परतीच्या एसटीत मॅडमनी दोन्ही डिस्क मांडीवर धरल्या. कंडक्टर म्हणाला, ठेवा की वर. त्या म्हणाल्या, "नको, झोपलीत."

एक डिस्क माझ्या वाचनालयाच्या कपाटात आली. दुसरी कुठं ठेवायची यावर त्या आठवडाभर विचार करत होत्या. बँकेचा लॉकर, त्यांच्या भावाचं घर, अशी चर्चा चालली होती. शेवटी धोंडाबाईंनीच सोडवलं. पुढच्या खेपेला मॅडमनी त्यांना डिस्क दाखवली आणि यात तुमची सगळी गाणी आहेत म्हणून सांगितलं. म्हातारीनं ती हातात घेऊन वजन पाहिलं.

"आन ही कुठं ऱ्हानार?"

"एक कॉलेजात. दुसरीला जागा शोधतेय. कोरडी पाहिजे, मावशी. दमट लागली की संपलं."

"आमचा आवाज हाय न्हवं? मंग आमच्याच गावात ठीव की."

मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुमच्याकडं चार महिने पाऊस असतो. भिंतींना पाणी सुटतं."

"व्हय, सुटतं. तरी आमी बी कुठं ठिवतो? दर सालाला उगवतंच की." आणि त्यांनी घरात बोट दाखवलं. चुलीच्या अंगाला, उंच माचावर, शेणानं लिंपून तोंड बंद केलेली बांबूची कणगी होती. पेरणीच्या भाताचं बी त्यात राख घालून ठेवतात.

मॅडम माचावर चढल्या. हात लावून पाहिलं, वास घेतला. खाली उतरून म्हणाल्या, "धूर जातो, पण आच लागत नाही. मावशी, इथं चालेल."

त्यांचं समाधान इतक्यावर होणं शक्य नव्हतं. त्यांनी आमच्या केमिस्ट्रीच्या लॅबमधून निळे सिलिकाचे खडे आणले. दमट हवा लागली की ते गुलाबी होतात. हवाबंद डब्यात डिस्क, शेजारी खड्यांची पुरचुंडी, वरून मेण लावलेलं झाकण, आणि तो डबा कणगीत, बियाण्यात पुरलेला. भावानं बँकेचा लॉकर सुचवला होता, पण आमच्या नोंदीत जागा अशी लिहिली गेली: धोंडाबाईंच्या घरची कणगी. वर्षातून दोनदा डबा काढायचा, डिस्क चालवून बघायची, खडे बदलायचे, असं ठरलं. मॅडम ते न चुकता करायच्या.

धोंडाबाई एका थंडीत गेल्या. झोपेत गेल्या, फार त्रास झाला नाही. आम्ही दोघी मातीला गेलो होतो. त्यानंतरच्या उन्हाळ्यात हिराबाई संगमनेरला आली, थेट माझ्या वाचनालयात. तिच्या लेकीचं, सुनंदाचं लग्न ठरलं होतं.

"म्याडम कुठं हायेत? सुनंदाची हळद हाय. बाया म्हनत्यात, आत्याबाईची गानी पुरी कुनालाच येत न्हाईत. पयल्या दोन वळी येत्यात, पुढं सगळ्या थांबत्यात. तेवढं टेपवर द्या आमाला."

मॅडम आल्या, कपाटातून डिस्क काढली, खणात सरकवली, किल्ली फिरवली. टक्. टक्. टक्. आम्ही तिघी ऐकत बसलो. मॅडमनी बंद केली, परत लावली. टक्. टक्. हिराबाईला काही कळलं नाही, पण माझं तोंड बघून ती उठून उभी राहिली.

दुपारी इक्बालभाईंना फोनवरून ती टकटक ऐकवली, त्यांनी लगेच ओळखलं. डिस्क गेली. मूळ कॅसेट तर आधीच संपलेली. उरली ती कणगीतली. आणि तिच्यावरून अकोल्याचा एक अख्खा पावसाळा गेला होता. आणि एरवी कधी न चुकलेली तपासणी नेमकी त्याच सालात, कॉलेजच्या परीक्षांमुळं, एकदा राहून गेली होती.

मी म्हटलं, "हिराबाईला सांगू का, डबा घेऊन ये म्हणून?"

"नाही. आता ती एकच आहे. ती हलणार नाही. आपण हलायचं."

दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही जीप केली. कॉम्प्युटर उशांत बांधून मागच्या सीटवर, मॅडम त्याला हातानं धरून शेजारी. आत नवी कोरी डिस्क आधीच बसवलेली होती. राजूरच्या पुढं रस्ता असा होता की प्रत्येक खड्ड्याला त्या ड्रायव्हरला "भाऊ, सावकाश" म्हणायच्या आणि तो दरवेळी "व्हय म्याडम" म्हणून तसाच हाकायचा.

गावात बातमी पोचली होती. धोंडाबाईंच्या पडवीत तीसेक बाया बसल्या होत्या. वीज होती, पण गिरणी चालू झाली की दिवे मिणमिणायचे. गिरणीवाल्या रामभाऊंना मॅडम सांगायला गेल्या, तर ते पट्टा उतरवूनच बसले होते. म्हणाले, "आज दळान बंद. म्हातारी माज्या गिरनीला लई शिव्या द्यायची, आज ऐकू द्या तिचं."

हिराबाईनं कणगीचं लिंपण फोडलं, कोपरापर्यंत हात घालून डबा काढला. मॅडमनी मेण खरवडलं. झाकण उघडलं आणि पहिल्यांदा पुरचुंडी सोडली. खडे निळे होते. एका कडेचे दोन-चार तेवढे गुलाबीसर झालेले. मॅडमनी ती पुरचुंडी माझ्या हातात दिली. 

डिस्क सरकवली. किल्ली फिरवली. आधी काहीच नाही. मग बारीक, चढत जाणारा, भिंगरीसारखा आवाज आला आणि स्थिर झाला. पडद्यावर नावं उमटली, एकाखाली एक. मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"लावा की म्याडम," कुणीतरी म्हणालं.

"आधी कॉपी," मॅडम म्हणाल्या.

"म्हंजे?"

"आधी हे सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवणार. मग गाणं."

बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. एक वयस्कर बाई म्हणाली, "आता हितवर आलीयास तर एक गानं लाव आदी. सकाळधरनं बसलोय आमी."

"काकू, तुम्ही सकाळपासून बसलात, अजून थोडं बसा. हे गाणं ऐकताना ही डिस्क गेली, तर तुमच्या नातीच्या हळदीला पण गेलं."

हिराबाईनं सगळ्यांना चहा टाकला. कॉपी व्हायला चांगला वेळ लागला. मॅडम पूर्ण वेळ कॉम्प्युटरसमोर स्टुलावर ताठ बसून होत्या. चहा आणून हिराबाईनं त्यांच्या हातात दिला, तो हातातच गार झाला. शेवटी पडद्यावरची पट्टी भरली. मॅडमनी कणगीतली डिस्क काढली, डब्यात घातली, नवे खडे टाकले, झाकण लावलं आणि डबा हिराबाईच्या मांडीवर ठेवला. मगच नव्या डिस्कवरचं गाणं सुरू केलं.

पडवीत धोंडाबाईंचा आवाज आला. आधी एक खोकला, मग "झालं का चालू?" आणि मग गाणं:

हळद दळता दळता, जातं बोललं एक,
पिवळी झाली पाटी, परक्याची झाली लेक

पहिल्या दोन ओळी सगळ्या बाया बरोबर म्हणाल्या. तिसऱ्या ओळीला सगळ्या थांबल्या आणि धोंडाबाई एकट्या पुढं गेल्या. परत लावलं. या वेळी दोघी-तिघी तिसऱ्या ओळीत शिरल्या. चौथ्या वेळी पडवी सगळी गात होती. सुनंदा आईच्या मागं दडून ओठ हलवत होती. मॅडम दाराच्या चौकटीला टेकून बाहेर खाचरांकडं बघत होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "ऐकलंस? तिसरी ओळ आता तीस जणींकडं आहे. डिस्कपेक्षा बरी मांडणी झाली."

त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं त्याला मी अभिमान म्हणेन. स्वतःचा नाही. तात्यांच्या लेकीनं, एका डोंगरातल्या म्हातारीला दिलेला शब्द खरा करून दाखवल्याचा.

त्याच जूनमध्ये संस्थेनं मॅडमची बदली केली, लांब, दक्षिणेकडच्या एका कॉलेजला. कॉलेजात निरोप समारंभ झाला, नारळ झाला, भाषणं झाली. उपप्राचार्यांनी पंख्यांची गोष्ट सांगितली. मॅडम खाली मान घालून हसत होत्या.

पण माझ्या डोळ्यांपुढं त्या येतात त्या दुसऱ्या दिवशीच्या. सामान टेम्पोतून आदल्या दिवशीच गेलं होतं. सकाळी मी त्यांना सोडायला संगमनेरच्या स्टँडवर गेले, तर तिथं बाकावर गलका. डोंगरातल्या सात-आठ बाया पहिल्या जीपनं खाली उतरल्या होत्या. तांदळाचं गाठोडं, हातसडीचे पोहे, काय काय आणलेलं. मॅडमना त्यांनी मधोमध बसवलं होतं. हिराबाईनं त्यांचा तो घट्ट अंबाडा सोडला होता आणि तेल लावून वेणी घालत होती. फिजिक्सच्या गायकवाड मॅडम भर स्टँडवर केस मोकळे सोडून बसल्यात, हे कॉलेजातल्या एकाही मुलीला खरं वाटलं नसतं.

गाडी लागली. बायांनी त्यांना खिडकीपाशी बसवलं आणि खाली उभ्या राहून हळदीचं गाणं धरलं. लग्न कुणाचं नव्हतं, पण सासरी पाठवायचं गाणं त्यांच्याकडं तेच होतं. आणि खिडकीतून मॅडमही गायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना गाताना ऐकलं नव्हतं. तात्यांच्या लेकीला सूर अजिबात नव्हता. आवाज मोठा, सरळ, वर्गात शिकवतात तसा, आणि सगळ्यांपेक्षा अर्धा सूर खाली. बाया हसायला लागल्या. मॅडमना काही फरक पडला नाही. त्या सगळ्या ओळी, एकही न चुकवता, खणखणीत म्हणत होत्या. गाडी फलाटावरून मागं आली, वळली, फाटकातून बाहेर पडली, आणि रस्त्याच्या आवाजात मिसळेपर्यंत तो एक बेसूर आवाज आम्हाला ऐकू येत राहिला.